दिस मॉर्निंग

ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवरील सकाळचा थेट प्रक्षेपित दूरचित्रवाणी कार्यक्रम. त्याचे प्रक्षेपण ३ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाले. ग्रॅनडा टेलिव्हिजनची ही निर्मिती प्रारंभी लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉक या जुन्या गोदी परिसरातून होत असे. तेथील पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश बेटांच्या नकाशावर उभे राहून सांगितले जाणारे हवामान हे कार्यक्रमाचे ठळक वैशिष्ट्य ठरले. रिचर्ड मॅडली व जूडी फिनिगन या दांपत्याने २००१ पर्यंत निवेदन केले. मुलाखती, पाककृती, आरोग्य, वेशभूषा आणि प्रेक्षकांच्या दूरध्वनींवरील सल्ला असे त्याचे स्वरूप आहे. कौटुंबिक अडचणींवर डेनिस रॉबर्टसन आरंभापासून मार्गदर्शन करीत. हा संबंध २०१६ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत टिकला. १९९६ मध्ये कार्यक्रम लंडनला आणि २०१८ मध्ये तेथीलच टेलिव्हिजन सेंटरमध्ये हलविण्यात आला. फिलिप स्कोफील्ड (२००२–२३) यांनी आधी फर्न ब्रिटन व २००९ पासून हॉली विलोबी यांच्यासमवेत निवेदन केले. मार्च २०२४ पासून कॅट डीली व बेन शेफर्ड मुख्य निवेदक झाले. घरातल्या खाजगी प्रश्नांना सकाळच्या पडद्यावर मोकळेपणाने स्थान देणे, हे या कार्यक्रमाचे मोलाचे योगदान होय.