कोलोसस: टेलिफोनवाल्यांनी बांधलेला, हौशी मंडळींनी परत आणलेला

आजचा भाग एका नादाबद्दल आहे. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचे रिले, सिलेक्टर, काचेचे व्हॉल्व्ह, तारांची जुडगी असं सगळं गोळा करायचं आणि खपून ते पुन्हा चालू करायचं. असा नाद असलेली माणसं जगभर आहेत. घरचे त्याला पसारा म्हणतात. पण हा पसारा जपणारे नसते, तर संगणकाच्या इतिहासातलं एक अख्खं पान आपल्यासाठी नुसतं ऐकीव राहिलं असतं. ते पान इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कचं आहे, पण सुरुवात टेलिफोनपासून करावी लागेल.

अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्रॉजर नावाचे गृहस्थ होते. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. गोष्ट अशी सांगतात, की गावातली टेलिफोन ऑपरेटर गिऱ्हाइकांचे फोन त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे जोडून द्यायची, म्हणून त्यांनी ऑपरेटरच नको असं यंत्र काढलं. गोष्ट खरी असो वा रचलेली, पेटंट मात्र खरं आहे, १८९१ सालचं. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्या पद्धतीचं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. डायल थोडी नंतर आली.

डायलचा काळा फोन ज्यांनी वापरलाय त्यांना आठवेल. आकडा फिरवून बोट सोडलं, की चकती किर्र करत परत यायची. परत येताना ती लाइन तितक्या वेळा तोडायची आणि जोडायची. तीन फिरवला की तीन ठोके. शेवटच्या दोन आकड्यांपैकी पहिल्याला एक्स्चेंजमधला सिलेक्टर तितक्या पायऱ्या वर चढायचा, दुसऱ्याला तितकी घरं आडवा सरकायचा. दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा टोकं, म्हणजे एका सिलेक्टरपुढे शंभर वाटा. आता बघा, आलेले ठोके मोजायचे आणि त्यावरून पुढची वाट ठरवायची. संगणकाच्या पोटातही हेच चालतं. म्हणूनच पुढे जे झालं ते टेलिफोनवाल्याच्या हातून झालं, याचं मला नवल वाटत नाही.

त्या टेलिफोनवाल्याचं नाव टॉमी फ्लॉवर्स. जन्म १९०५ चा, पूर्व लंडनमधला, वडील गवंडी. ब्रिटनमध्ये तेव्हा टेलिफोन पोस्ट खात्याकडे होते आणि फ्लॉवर्स त्या खात्याच्या डॉलिस हिल इथल्या संशोधन केंद्रात काम करायचे. १९३० च्या दशकात ते एक्स्चेंजमध्ये रिलेऐवजी व्हॉल्व्ह वापरून बघत होते. रिलेत लोखंडाची पट्टी खरोखर हलावी लागते. व्हॉल्व्हमध्ये हलणारं काहीच नाही, त्यामुळे वेग प्रचंड. पण व्हॉल्व्ह सारखे जळतात, शेकड्यांनी एकत्र लावले तर यंत्र चालायचंच नाही, असा सगळ्यांचा समज. फ्लॉवर्सना अनुभवाने एक गोष्ट कळली होती. व्हॉल्व्ह बहुतेक वेळा चालू-बंद करताना जातात. एकदा पेटवून तसेच ठेवले तर ते टिकतात.

महायुद्धात हे ज्ञान कामी आलं. जर्मन सेनेचे वरिष्ठ पातळीवरचे टेलिप्रिंटर संदेश लॉरेन्झ यंत्रातून जात. हे एनिग्मापेक्षा वेगळं यंत्र, बारा चक्रांचं. बिल टट या तरुण गणितज्ञाने ते डोळ्यांनी न पाहता त्याची रचना नुसत्या संदेशांवरून ओळखली. पण रोजची चक्रं कुठून सुरू झाली ते शोधायला अफाट मोजदाद लागायची. त्यासाठी आधी जे यंत्र केलं होतं, त्यात दोन कागदी पट्ट्या एका तालात धावाव्या लागत. कागद ताणला जायचा, फाटायचा. फ्लॉवर्स म्हणाले, एकच पट्टी ठेवा, दुसरीचं काम व्हॉल्व्ह करतील. ब्लेचलीच्या वरिष्ठांना शंका होती, तरी फ्लॉवर्स आणि त्यांचे सहकारी डॉलिस हिलला कामाला लागले. १९४३ च्या डिसेंबरात सुमारे १,६०० व्हॉल्व्हचा कोलोसस तिथे चालून दाखवला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये तो ब्लेचलीत कामाला लागला. सेकंदाला ५,००० अक्षरं वाचायचा. युद्ध संपेपर्यंत असे दहा झाले.

आणि मग? दहापैकी आठ मोडून टाकले. आराखडे नष्ट करण्याचा हुकूम आला आणि फ्लॉवर्सनी स्वतःच्या हातांनी ते भट्टीत घातले. १९७० च्या दशकापर्यंत सगळं गुप्त. तोवर जगाने पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणून १९४६ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेच्या एनियाकचं नाव पाठ केलं होतं.

इथे आपली हौशी मंडळी येतात. १९९३ साली टोनी सेल या अभियंत्याने कोलोसस पुन्हा बांधायचं ठरवलं. हाताशी काय होतं? युद्धकाळातले आठ फोटो आणि आराखड्यांचे काही तुकडे. हे तुकडे कुठून आले म्हणता? काही अभियंत्यांनी ते नियम मोडून गुपचूप घरी ठेवले होते! पट्टी वाचणारा भाग मूळ ज्यांनी केला होता, ते डॉ. आर्नल्ड लिंच म्हातारपणी पुन्हा त्या कामाला बसले. आणि योग बघा, नेमक्या त्याच काळात ब्रिटनमधली उरलीसुरली स्ट्रॉजर एक्स्चेंज बंद होऊन डिजिटल होत होती. कोलोससला लागणारे रिले, सिलेक्टर, सांगाडे टेलिफोनचेच होते, ते या निकालात निघालेल्या सामानातून मिळाले. ६ जून १९९६ ला यंत्र पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा नव्वदीतले फ्लॉवर्स समोर हजर होते. दोन वर्षांनी ते गेले. पूर्ण मार्क टू कोलोसस उभा राहायला २००७ उजाडलं. आज तो ब्लेचली पार्कच्या आवारातल्या संगणक संग्रहालयात, कोलोसस होते त्याच इमारतीत चालतो.

कुणी म्हणेल, या कामाचा आता उपयोग काय, साधा लॅपटॉपसुद्धा त्याच्यापेक्षा वेगवान आहे. अगदी खरं. २००७ च्या जाहीर स्पर्धेत जर्मनीतल्याच एका हौशी प्रोग्रामरने स्वतःच्या संगणकावर कोलोससच्या आधी संदेश सोडवला. पण लॅपटॉप उघडून बघा, काय दिसतं? कोलोससपुढे उभं राहिलं तर पट्टी धावताना दिसते, रिलेची खटखट ऐकू येते, व्हॉल्व्हची ऊब जाणवते. यंत्र काम कसं करतं हे समजून घ्यायला पुस्तक उघडावं लागत नाही.

आपल्याकडच्या शहरांतही स्ट्रॉजर एक्स्चेंज होती. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये त्यांची सामग्री बनायची. ती सांभाळणारे मेकॅनिक नुसत्या आवाजावरून कुठला सिलेक्टर अडकलाय ते ओळखत. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, आणि ही विद्या कुठल्या आराखड्यात लिहिलेली नाही. तुमच्या घरात, शेजारात असे कुणी काका-मावशी असतील तर या रविवारी त्यांच्याकडे जा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, "एक्स्चेंजमध्ये तुमचा दिवस कसा जायचा?" माळ्यावर एखादा जुना रिले निघाला, तर तो लगेच भंगारवाल्याला देऊ नका.

भेटू पुढच्या भागात.