चुलीची डागडुजी : एक न लिहिलेला इतिहास

वसईचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांशी केलेला तह आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी मिळवलेला विजय या दोन टोकांमध्ये आपण तो बसवतो. दगडी भिंतींचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे, कारण दगड मागे उरतो. माती उरत नाही. वसईच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या एक बांधकाम होत आले. ते सतत झिजले आणि सतत पुन्हा उभे राहिले. ते बांधकाम म्हणजे स्वयंपाकघरातील चूल आणि तिच्या स्थापत्यकार म्हणजे घरातील स्त्रिया.

चूल दिसते साधी. तिन्ही बाजूंनी मातीची भिंत, समोर लाकूड सारण्याचे तोंड, वर भांडे टेकण्यासाठी तीन उंचवटे आणि शेजारी उरलेल्या आचेवर कालवण ठेवण्यासाठी वैल. परंतु प्रत्येक मापामागे हिशेब असतो. उंचवटे बुटके झाले तर हवा कोंडते आणि धूर होतो; फार उंच झाले तर जाळ भांड्याच्या कडेने निसटतो व सरपण वाया जाते. ही मापे कागदावर नव्हती. ती वितीने आणि बोटांनी मोजली जात आणि सासूकडून सुनेकडे जात.

अशी चूल बांधून काम संपत नसे. लाकडे आदळून तोंडाची कड झिजते, भांड्यांच्या भाराने उंचवटे खचतात, रोजच्या तापण्या-निवण्याने भेगा पडतात. नुसती चिकणमाती वाळताना आकसते व तडकते, म्हणून तीत भाताचे तूस किंवा बारीक चिरलेला पेंढा मिसळून ती भिजत ठेवायची व मळायची. भेग वरवर लिंपली तर लेप लवकरच सुटून पडतो. ती आधी खरवडून रुंद करायची, सुटी राख झाडायची, जुनी माती पाण्याने ओलावायची आणि मगच ताजी माती आत दाबायची; कारण कोरडी माती ओल्या मातीतील पाणी शोषून घेते आणि सांधा धरत नाही. त्यानंतर चूल सावकाश वाळू द्यायची आणि पहिला जाळ मंद ठेवायचा. राख काढून चुलीवर शेणमातीचे पोतेरे फिरवणे, ही या डागडुजीची नित्याची बाजू होती.

यात केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हता. बिघडलेली चूल अधिक लाकूड खाते. बागायती पट्ट्यात माडाच्या झावळ्या व करवंट्या वाडीतच मिळत. परंतु दमदार लाकडासाठी पूर्वेकडील डोंगराकडे पाहावे लागे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात (वसई तालुका तेव्हा त्यातच होता) राबासाठी व सरपणासाठी फांद्या तोडण्याच्या जुन्या वहिवाटीवर निर्बंध आले. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. सरपण महागले की लिंपलेली भेग म्हणजे वाचलेली मोळी ठरते.

पुढे चुलीकडे सुधारकांचे लक्ष गेले. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्धा येथील मगनवाडीत त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी पाहिले आणि तेथील धुराड्याची चूल 'मगन चूल' या नावाने ओळखली गेली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी लक्षावधी घरांसाठी धूरविरहित स्वयंपाकघराची कल्पना मांडली. त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने प्रसिद्ध केले. १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या.

त्यांतील पुष्कळ चुली फार काळ टिकल्या नाहीत. यामागचे एक कारण ओडिशातील एका दीर्घ पाहणीत स्पष्ट दिसते. हॅना, डुफ्लो व ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झालेला आढळला. पुढे तो लाभ नाहीसा झाला, कारण नव्या चुलींची निगा व दुरुस्ती झाली नाही आणि त्यांचा वापरही घटत गेला. जुन्या चुलीची भेग तिच्या मालकिणीला ठाऊक होती. नव्या चुलीचे धुराडे काजळीने तुंबले तर ते कोणी व कसे साफ करायचे, हे तिच्या हाती रुजलेले ज्ञान नव्हते. चूल वाटली गेली. तिची डागडुजी वाटली गेली नाही.

म्हणून जुन्या चुलीचे गोडवे गावेत असे मुळीच नाही. १९८१ मध्ये कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत मोजमाप केले, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण आढळले. फुंकणी फुंकून लाल झालेले डोळे आणि म्हातारपणी न थांबणारा खोकला ही त्या ज्ञानाची किंमत होती. रॉकेलचा स्टोव्ह आणि मग गॅसची शेगडी आली, ही स्त्रियांची सुटकाच होय.

आज वसईत रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो. तरी आंघोळीचे पाणी तापवायला किंवा लग्नकार्यातील मोठ्या भांड्यांसाठी अंगणात, पडवीमागे चूल राखलेली घरे आहेत. ती उघड्यावर असावी, तिच्यात लाकूड सुकेच जाळावे आणि पावसाळा सरताच तिच्या भेगा भराव्यात. आणि भरताना घरातील वृद्ध स्त्रीला जवळ बसवून माती किती, तूस किती, उंचवटा किती बोटांचा, हे विचारून लिहून ठेवावे. किल्ल्याची मापे पुस्तकांत सापडतात. ही मापे मात्र तिच्या बोटांतच आहेत.