ईलीचा अष्टकोन

आता आपण ईलीकडे येऊ. केंब्रिजच्या उत्तरेला, एके काळी चहूबाजूंनी दलदल असलेल्या उंचवट्यावर हे कॅथेड्रल उभे आहे. एथेलड्रेडा राणीने इथे ६७३ मध्ये मठ स्थापला, आजच्या वास्तूचे काम १०८३ ला सुरू झाले, ११०९ मध्ये तिला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. सनावळी एवढी पुरे.

आपल्याला रस आहे तो १३२२ च्या फेब्रुवारीतल्या एका रात्रीत. चर्चचे लांब आणि आडवे दालन जिथे एकमेकांना छेदतात, तिथला दगडी टॉवर कोसळला. आवाज असा, की मठवासीयांना भूकंपच वाटला! वर्षभरापूर्वीच त्यांनी मेरीच्या नावाचे मोठे प्रार्थनागृह बांधायला घेतलेले. म्हणजे पैसा तिकडे गुंतलेला आणि इकडे मधोमध ढिगारा.

अशा वेळी माणसे होते तसेच परत बांधतात. वास्तूची देखभाल आणि हिशेब पाहणाऱ्या ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅम याने तसे केले नाही. पडलेल्या चार खांबांची जागा त्याने मोकळीच सोडली आणि भार मागे सरकवून आठ खांबांवर नेला. चौकोनाचा अष्टकोन झाला. १३२८ पर्यंत दगडी काम उरकले. पण सत्तरेक फुटांची ही पोकळी दगडाने झाकायची कशी? तेव्हा राजाचा सुतार विल्यम हर्ली आला. त्याने वर ओकच्या लाकडाचा खिडक्यांचा मनोरा बसवला. त्याचे आठ उभे खांब सुमारे ६३ फुटांचे, आणि ते जमिनीपर्यंत येतच नाहीत. आठ कोपऱ्यांतून निघालेल्या तुळया त्यांना अधांतरी तोलून धरतात. तुळया मात्र दिसत नाहीत. दगडी कमानींचा आकार दिलेल्या लाकडी छताआड त्या दडल्या आहेत.

मग ही फसवणूक म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. साहित्याने आपले रूप लपवू नये, हा आग्रह रस्किनने १८४९ मध्ये धरला. तो चौदाव्या शतकावर कशाला लादायचा? मठवासीयांची आसने तेव्हा या अष्टकोनाखालीच होती. त्यांना हवा होता वरून येणारा उजेड, आणि तो मिळाला.

काम १३४२ च्या सुमारास संपले. ॲलन तोवर मठाचा प्रायर झाला होता. पुढे मठवासीयांनी त्याला बिशप म्हणूनही निवडले, पण पोपने दुसराच माणूस नेमला.