न्यांगेचे ख्रिस्तमंदिर आणि न्यायासन

१९९४ चा ईस्टर सण होऊन चारच दिवस लोटले होते. आफ्रिकेतील रवांडा देशात हुतू अतिरेक्यांनी तुत्सी जमातीच्या संहाराला प्रारंभ केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. मारणारे आणि मरणारे, दोहोंतही बहुसंख्य ख्रिस्ती होते. अनेक धर्मगुरू व धर्मभगिनीही बळी पडल्या.

न्यांगे येथील सुमारे दीड हजार तुत्सींनी चर्चमध्ये आश्रय घेतला होता. १६ एप्रिल रोजी बुलडोझर लावून ते चर्च आतल्या माणसांसह जमीनदोस्त करण्यात आले. तेथील धर्मगुरू फादर अथानाझ सेरोंबा यांनी त्यास संमती दिली आणि भिंतीची कमकुवत बाजू चालकाला दाखविली, असे पुढे न्यायालयात सिद्ध झाले.

अधिकारपद वा वरिष्ठांची आज्ञा ही गुन्ह्याची ढाल होऊ शकत नाही, हे तत्त्व न्यूरेंबर्गच्या खटल्याने १९४६ साली प्रस्थापित केले होते. परंतु महासत्तांच्या शीतयुद्धात ते जवळजवळ अर्धशतक निद्रिस्त राहिले. नोव्हेंबर १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी रवांडासाठी न्यायाधिकरण स्थापिले. त्याचे कामकाज टांझानियातील अरुशा येथे चाले. त्याला स्वतःचे पोलीसदल नव्हते. आरोपी हाती येणे इतर राष्ट्रांच्या सहकार्यावर अवलंबून होते. फादर सेरोंबा तेव्हा इटलीत, फ्लॉरेन्स येथे, वेगळ्या नावाने धर्मसेवा करीत होते. २००२ साली ते न्यायाधिकरणापुढे हजर झाले. त्यांनी आरोप नाकारले. २००६ मध्ये साहाय्यक म्हणून त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. २००८ मध्ये अपील न्यायासनाने म्हटले, हे साहाय्य नव्हे, हे प्रत्यक्ष कृत्यच होय. आणि जन्मठेप फर्माविली.

दरम्यान १९९८ साली रोम येथे कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला. भारत त्याचा सदस्य नाही. अटकेसाठी तेही राष्ट्रांच्याच तोंडाकडे पाहते.

तथापि न्यायालय व्यक्तीला शिक्षा देते. समुदायाचे पापनिवेदन समुदायालाच करावे लागते. सभासदांच्या अपराधाला ख्रिस्तसभा जबाबदार नाही, अशी भूमिका पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली मांडली होती. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी मात्र ख्रिस्तसभेच्या व तिच्या सभासदांच्या पापांसाठी परमेश्वराची क्षमा याचिली. या दोन उद्गारांमध्ये एकवीस वर्षे गेली. त्या वर्षांत अरुशाचे न्यायासन पुरावे ऐकत होते. सत्य आधी उच्चारले जावे लागते. पश्चात्ताप त्यानंतरच येतो.