हीट एम्बॉसिंग
रबरी शिक्क्याने उमटवलेल्या आकृतीला वितळणाऱ्या राळेच्या पुडीने चकचकीत उठाव देण्याची पद्धत. हाताने बनवलेल्या शुभेच्छापत्रांत ती विशेष आवडीची आहे. शिक्क्यासाठी ग्लिसरीनयुक्त, सावकाश सुकणारी शाई घेतात. झटपट सुकणाऱ्या शाईवर पूड धरत नाही. ओल्या ठशावर पूड भुरभुरून कागद उलटा करतात व मागून टिचकी मारतात. झडलेली पूड पुन्हा डबीत भरता येते. स्थितिक विजेमुळे कण भलतीकडे चिकटू नयेत म्हणून शिक्का मारण्याआधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवतात. ही पायरी वगळली, तर तापवल्यावर नक्षीभोवती ठिपके पक्के होतात. मग हीट गन. खरा आनंद इथेच आहे: खरखरीत, निस्तेज पूड बघता बघता एकजीव होते आणि रेष काचेसारखी चमकू लागते. त्याच क्षणी गन हटवावी. जास्त तापल्यास राळ कागदात मुरते व उठाव बसतो. हेअर ड्रायर चालत नाही, कारण त्याची हवा पुरेशी तापत नाही आणि झोताने पूड उडते. लग्नपत्रिकांवरील थर्मोग्राफी छपाईचे तत्त्व हेच. ड्राय एम्बॉसिंगमध्ये मात्र शाई व पूड लागत नाही. स्टेन्सिलवर कागद ठेवून गोल टोकाच्या सळईने दाबतात. हीट एम्बॉसिंगमध्ये नाजूक नक्षीसाठी बारीक कणांचीच पूड घ्यावी.