वल्हे, इंजिन आणि भूक

वरळीच्या किल्ल्याजवळ, कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की इंजिने बसवलेल्या होड्या दिसतात. एके काळी इथल्या होड्या शीड आणि वल्हे यांच्या बळावर दर्यात जात. वारा पडला की सारा भार दंडांवर येई. १९५०च्या दशकापासून सरकारी कर्जे आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांच्या साहाय्याने महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर होड्यांना इंजिने बसू लागली. मासेमारीतले कष्ट संपले नाहीत. लहान होडीवर जाळे अजूनही हातानेच ओढावे लागते. पण वल्हवण्याचे काम इंधनाने आपल्याकडे घेतले.

अंगमेहनत कमी झाली, की भूकही तेवढीच कमी होते का? वजन उतरवू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. त्याचा शोध दोन शतकांहून जुना आहे.

फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी १७८३मध्ये मांडला. पुढे लाव्हाझिएने आपला सहकारी सेगँ याच्यावर प्रयोग केले. विश्रांतीपेक्षा जेवणानंतर आणि त्याहून काम करताना माणूस अधिक ऑक्सिजन वापरतो, असे दिसले. राबणाऱ्या गरिबाचे शरीर अधिक जळते आणि अन्न मात्र त्यालाच कमी मिळते, ही विसंगतीही त्याने नोंदवली. ते वर्ष होते १७८९, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीचे!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणूस राहू शकेल एवढी मोजणीची खोली तयार केली. अन्नातून आलेली ऊर्जा आणि शरीराने खर्चलेली ऊर्जा यांचा मेळ बसतो, हे त्यांनी दाखवले. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने म्हणजे ४ किलोकॅलरी आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ म्हणजे ९, हे पाठ्यपुस्तकातले आकडे त्यांच्याच कामातून आले.

जमाखर्च कळला, पण तो सांभाळणाऱ्या भुकेचे काय? याचे एक उत्तर भारतातच मिळाले. वरळीशेजारच्या गिरणगावात जशा कापडगिरण्या होत्या, तशा बंगालमध्ये तागाच्या. हार्वर्डचे ज्याँ मेयर आणि त्यांचे सहकारी रॉय व मित्रा यांनी पश्चिम बंगालमधील अशा एका गिरणीतील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप नोंदवून १९५६मध्ये प्रसिद्ध केले. त्यात बैठे काम करणारे कारकून होते, तसेच कोळसा वाहणारे मजूरही होते. हलक्या कामापासून जड कामापर्यंत आहार कष्टांबरोबर वाढत गेला आणि वजन साधारण सारखेच राहिले. पण अगदी बैठे काम करणाऱ्यांचा आहार कमी भरण्याऐवजी जास्त भरला आणि त्यांचे वजनही अधिक निघाले. म्हणजे श्रम फारच घटले की भुकेचा अंदाज चुकत असावा. अर्थात ही एका वेळची पाहणी होती. पगार आणि वय यांतील फरकांचाही परिणाम तिच्यात असू शकतो.

आता फळ्यावर थोडे गणित करू. ६० किलो वजनाची व्यक्ती तासभर भरभर चालली, तर बसून राहण्यापेक्षा सुमारे १५० किलोकॅलरी अधिक खर्च होतात. १५ ग्रॅम तेलात १३५ किलोकॅलरी असतात. चालून आल्यावर दोन भजी जास्त खाल्ली, की हिशेब जवळजवळ फिटला! उलट, रोज तासभर चालणे आणि तेवढेच तेल कमी करणे ही दोन्ही पथ्ये पाळली, तर दिवसाला २८५ किलोकॅलरींची तूट पडते. शरीरातील एक किलो चरबीयुक्त ऊती म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. म्हणजे एक किलो उतरायला सुमारे २७ दिवस लागतील. पुढे वजन घटेल तशी शरीराची गरजही घटते, म्हणून हा वेग मंदावतो.

मग नुसते जेवण कमी करून का भागू नये? कारण उपासाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि काटा या दोहोंत फरक करत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीयांत सडपातळ माणसालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा इथे सापडतो. व्यायामाचे मोल त्यात जळणाऱ्या कॅलरींपेक्षा मोठे आहे ते यासाठी.

वर्गात हा विषय घेताना मुलांची वजने सर्वांसमक्ष करू नयेत. वाढत्या वयात जेवण तोडायलाही सांगू नये. त्याऐवजी एक काम द्यावे: आजी-आजोबा हातापायांनी करत असलेली कोणती कामे आज घरात यंत्र करते, त्यांची यादी करून आणा. वरळीच्या मुलाच्या यादीत वल्हे येईल. लालबागच्या मुलीच्या यादीत कदाचित पाटा-वरवंटा.