चार स्क्रूंचा माणूस

परवा गल्लीतला एक पोरगा चाकणहून सुट्टीला आला. आयटीआय झालेला, सात महिन्यांच्या कंत्राटावर. विचारलं, काय काम असतं रे? म्हणाला, "काका, चार स्क्रू. गाडी समोर आली की चार स्क्रू आवळायचे, हिरवा दिवा लागला की पुढची गाडी." मग हळूच म्हणाला, "आता तिथं रोबो येणारंय म्हणतात."

हे 'येणारंय' नवं नाही, मंडळी. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे.

१९१३ साली हेन्री फोर्डनं हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती लाइन आणली. चासी जोडायला साडेबारा तास लागायचे, काही महिन्यांत ते काम दीड तासावर आलं. कसं? बोल्ट घालणारा वेगळा, नट लावणारा वेगळा, आवळणारा तिसराच. माणसं कंटाळून पळायला लागली, तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये रोज पाच डॉलर जाहीर झाले. आपल्याकडं या पाच डॉलरचं फार कौतुक होतं, पळणाऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही.

पण खरी अडचण स्क्रूच्या डोक्यात होती. तेव्हाचा स्क्रू एका चिरेचा. पेचकस चिरेत नेमका बसवायला डोळा लागतो, आणि जोर दिला की तो बाजूला घसरतो. यंत्राला हे जमेना. मग अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सनं जॉन थॉम्पसनची कल्पना विकत घेतली, सुधारली आणि १९३६ मध्ये पेटंट मिळवलं. तोच आपला स्टार स्क्रू! बिट आपोआप मधोमध बसतं. त्याच साली जनरल मोटर्सनं तो कॅडिलॅकमध्ये वापरला. म्हणजे यंत्राला माणसाचा हात जमला नाही, म्हणून स्क्रूच बदलला.

योगायोग बघा, चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स'ही १९३६ चाच. दोन्ही हातांत पाने घेऊन नट आवळणारा तो कामगार. लाइन थांबली तरी त्याचे हात थांबत नाहीत.

तरी एक गोष्ट उरलीच, किती आवळायचं? सैल राहिला तर हादऱ्यानं निघतो, जास्त झाला तर आटे जातात. आपल्या गॅरेजवाल्याच्या मनगटाला ते कळतं. यंत्रं त्यासाठी टॉर्क मोजायला लागली, पण तेवढ्यानंही भागेना. तिरका घुसलेला स्क्रू लवकरच घट्ट लागतो आणि आकडा बरोबर दाखवतो! म्हणून किती फिरला, तो कोनही मोजावा लागला.

१९७८ मध्ये जपानच्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी 'स्कारा' रोबो बनवला. आडवा थोडा लवचीक, उभा ताठ. वरून खाली स्क्रू बसवायला अगदी योग्य. पुढं इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत तो भरपूर शिरला.

मला मात्र सगळ्यात आवडलेली गोष्ट आयबीएमच्या प्रोप्रिंटरची. १९८० च्या दशकात त्यांनी रोबोनं जोडता यावा म्हणून प्रिंटर नव्यानं आखला आणि स्क्रूच काढून टाकले, सगळं खटकन बसणारं. झालं काय? ते इतकं सोपं झालं, की माणसंही हातानं झटपट जोडू लागली. रोबोची फारशी गरजच उरली नाही.

२०१८ मध्ये टेस्लाच्या इलॉन मस्कनंही कबूल केलं, की ऑटोमेशनचा अतिरेक ही आपली चूक होती.

हे सगळं त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे काका. स्क्रू तिरका गेला की लाल दिव्याच्या आधी मला हातात कळतं." रोबो चालवायचं शिकवतात का विचारलं, तर ट्रेनिंग फक्त पर्मनंटवाल्यांना.

सोमवारी पहाटेच्या एसटीला त्याला सोडायला गेलो. गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणाला, "रोबोला पण स्क्रू कुणीतरी भरून द्यावेच लागतील ना काका? ते काम मिळालं तरी चालेल."